कुठं चाललीस, ते सांगून जा

मी धंदा करते. वीसेक वर्षं होत आली. 2023 च्या पावसाळ्यात हायवेवरच्या एका लॉजवर माझ्याबरोबर जे झालं, ते सांगायला बसले आहे. सांगतेय मी, लिहून घेतेय आमच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेतली पोरगी. शहराचं, लॉजचं, पोलीस ठाण्याचं नाव दिलेलं नाही. केस कोर्टात चालू आहे आणि माझी मुलगी शाळेत जाते. बाकी जसं झालं तसं सांगते.

माझं गाव बेळगावकडचं, घरात कानडी. मराठी शिकले ती धंद्याच्या गल्लीतच. गल्लीतल्या खोलीला लाकडाचं पार्टिशन, पुढं पडदा. कमाईतले निम्मे घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, घ्यायची. वर लाइटबिल, पाणी, पोरांचा हप्ता वेगळा. हातात फार काही उरायचं नाही, ते काही चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण पार्टिशनपलीकडे माणूस असायचा. गिऱ्हाइकानं दारू पिऊन दंगा केला, निरोध वापरायला नकार दिला, हात उगारला, की एक हाक पुरायची. चार जणी लाटणं, चप्पल, जे हाताला येईल ते घेऊन पडदा बाजूला करायच्या. गल्लीत मला गिऱ्हाइकापेक्षा मार जास्त माझ्या माणसाचा बसला. आमच्यात त्याला मालक म्हणतात. तो नवरा नव्हे, पण नवऱ्यासारखा पैसे मागायला हक्कानं येणारा. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला मात्र मी कधी गेले नाही. लाज वाटायची.

मग 2020 साल आलं, करोना आला. मार्चमध्ये गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले. धंदा म्हणजे अंगाला अंग लागणार, त्यामुळे आम्ही सगळ्यांत आधी बंद आणि सगळ्यांत शेवटी सुरू. पहिला महिना साठवलेल्यावर काढला. मग सावकार. महिन्याला शेकडा दहा. संस्थेनं तांदूळ, डाळ, तेल दिलं. एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेल्या बायांना पीअर ताया घरपोच गोळ्या द्यायच्या. पीअर म्हणजे आमच्यातलीच बाई, तपासणीला नेते, निरोध देते, आजारपणात धावते. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की धंदा करणाऱ्या बायांना ओळखपत्राचा हट्ट न धरता शिधा द्या. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिने दरमहा 5,000 रुपये जाहीर केले, शाळेत मूल असेल तर आणखी 2,500. पैसे बँकेत येणार होते. आमच्या गल्लीत ज्यांचं खातं होतं त्यांना सोपं गेलं. ज्यांच्याकडे आधार नाही, रेशनकार्ड नाही, मतदार यादीत नाव नाही, त्यांची खाती कशी उघडायची? नेपाळकडच्या, बंगालकडच्या, घरातून पळून आलेल्या बायांकडे कागदाचा चिटोरा नव्हता. कागदासाठी गावी जायचं तर गावात काय सांगायचं?

आधारचा प्रश्न पुढे थोडा सुटला. 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला. राहण्याचा पुरावा नसला तरी नाकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार मिळेल, आणि त्या कार्डावर ही बाई धंदा करते असं ओळखू येईल अशी कुठलीही खूण नसेल. ज्यांचं अजून नसेल त्यांनी संस्थेकडून हा दाखला मागून घ्या. मला स्वतःला तो लागला नाही, पण पुढच्या गोष्टीत याच आदेशाची प्रत कामाला आली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

लॉकडाउन उठल्यावर गल्ली पहिल्यासारखी भरली नाही. गिऱ्हाइकांना मोबाइलची सवय लागली होती. दोन घरं बिल्डरनं घेतली. आमच्या घरवालीनं भाडं वाढवलं आणि सावकार दारात बसलेलाच. मीही फोनवर धंदा करायला लागले. मधला एक एजंट होता. तो नंबर द्यायचा, लोकेशन पाठवायचा, आपले पैसे कापून घ्यायचा. घरवालीच्या निम्म्यापेक्षा त्याचं कमी जायचं. दिवसभर तोंडाला पावडर लावून दारात उभं राहायची गरज नव्हती. दुपारी जाऊन मुलगी शाळेतून यायच्या आत परत. मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

फोनच्या धंद्यात फसवणूक वेगळ्या तऱ्हेची असते. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतं आणि खात्यात काही येत नाही. यूपीआयवर पैसे घेतले की समोरच्याला तुमचं बँकेतलं खरं नाव दिसतं. एकीला त्या नावावरून गिऱ्हाइकानं फेसबुकवर शोधून काढलं आणि तिच्या भावाला मेसेज करायची धमकी देत वर्षभर फुकट बोलावलं. लॉजवर आधारची झेरॉक्स ठेवून घेतात, ती कुठं जाते ते देवाला ठाऊक. लॉजचं नाव शेवटच्या घडीला बदलतं. रिक्षात बसल्यावर फोन येतो, तिथं नको, इथं ये. आणि तिथं पार्टिशन नसतं. ओरडलं तर खाली काउंटरवरचा टीव्हीचा आवाज वाढवतो.

त्या दिवशी असंच लोकेशन बदललं. पुणे–बंगळूर हायवेला लागून, शहरापासून बरंच लांब. एकच माणूस म्हणाला होता, खोलीत तीन होते. मी उंबऱ्यातूनच मागं फिरले, तर दार लावून घेतलं. फोन आधी हिसकावला. पुढचं मी इथं सांगत नाही. पोलिसांत सांगितलंय, न्यायाधीशांपुढं सांगितलंय, तेवढं पुरे. पर्समधले पैसे, कानातलं घेतलं आणि तिघं गाडीनं गेले.

मी खाली आले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर पाऊस होता. रस्त्याच्या कडेनं चालत एका ढाब्यापर्यंत गेले. तिथं भाकरी करणाऱ्या बाईनं काही विचारलं नाही, अंगावर पोतं टाकलं आणि स्वतःचा फोन दिला. आता फोन कुणाला करायचा? मला दोनच नंबर पाठ होते. एक मुलीचा, तो लावायचा नव्हता. दुसरा अक्काचा. अक्का आमच्या गल्लीतली सगळ्यांत जुनी पीअर. ती नंबर बदलत नाही, एवढ्यानंच माझं त्या दिवशी भागलं.

अक्का रिक्षा करून दोघींना घेऊन आली. मला घरी जाऊन आंघोळ करायची होती, दुसरं काही डोक्यात नव्हतं. अंगाला त्यांचा वास येत होता. अक्का म्हणाली, "पाणी लावायचं नाही. कपडे बदलायचे नाहीत. आधी दवाखाना, मग पोलीस, आंघोळ सगळ्यात शेवटी." मी तिच्याशी रिक्षात भांडले. ती ऐकेना.

वाटेत एक खासगी दवाखाना लागला. माझ्या डोक्यातून रक्त येत होतं म्हणून आम्ही तिथं थांबलो. त्यांनी दारातूनच सांगितलं, पोलीस केस आहे, आधी ठाण्यातून चिठ्ठी आणा. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, नंतर भेटलेल्या वकीलबाईंकडून कळलं की हे बेकायदा आहे. अशा बाईला सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं लगेच आणि फुकट उपचार करावे लागतात. पोलिसांना कळवायचं काम त्यांचं. उपचार नाकारणं हाच गुन्हा आहे. कुणी असं म्हणालं तर तिथंच ऐकवा.

तिथून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. रांगेत थांबावं लागलं, पण डॉक्टरीणबाई चांगली निघाली. वयानं लहान. तिनं आधी विचारलं, "तपासणीला तुमची हरकत नाही ना?" आणि कागद वाचून दाखवून सही घेतली. एक जुनी सिस्टर मधेच म्हणाली की दोन बोटांची तपासणी करून घ्या, म्हणजे सवय आहे का ते कळेल. डॉक्टरीणबाई तिच्यावर चिडली. ती तपासणी करायची नाही असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावलं आहे, कुणी केली तर ते गैरवर्तन ठरतं. तुमच्या बाबतीत कुणी हा विषय काढला तर नाही म्हणा. माझे कपडे एकेक करून कागदाच्या पाकिटात घातले, प्लास्टिकमध्ये नाही, कारण ओलसर राहिले की पुरावा खराब होतो. बदलायला कपडे अक्कानं आणले होते. तेवढं तुम्हीही लक्षात ठेवा, दवाखान्यात साडी मिळत नाही.

गोळ्यांचं नीट सांगते, कारण खूप जणींना हे माहीत नसतं. एचआयव्ही लागू नये म्हणून गोळ्या असतात, पेप म्हणतात. घडल्यापासून 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि 28 दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रात्री डॉक्टर म्हणू शकतात की एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते, सकाळी उघडेल. तेव्हा पहिला डोस इमर्जन्सीतून मागून घ्या. गर्भ राहू नये म्हणून वेगळी गोळी, तीही 72 तासांत. धनुर्वाताचं इंजेक्शन. रक्ताची तपासणी त्याच दिवशी, मग दीड महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. पेपच्या गोळ्यांनी मला फार मळमळायचं. अक्का रोज रात्री खिडकीतून विचारायची, घेतलीस का. घेतली म्हणून मी दोनदा खोटं सांगायला गेले आणि तिनं पाकीट बघायला मागितलं.

पोलिसांकडे जायला माझी तयारी नव्हती. त्याला कारण होतं.

या गोष्टीच्या कितीतरी आधी गल्लीत रेड पडली होती. खुणेच्या नोटा देऊन एक खोटं गिऱ्हाईक पाठवलं, मग गाड्या. आम्हाला गाडीत घातलं, फोन काढून घेतले, आणि पिटाखाली, म्हणजे अनैतिक व्यापाराच्या कायद्याखाली, 'सुटका' केली. सुटका करून दुसऱ्या जिल्ह्यातल्या सुधारगृहात ठेवलं, बाहेरून कुलूप. मी सज्ञान होते, माझ्या मर्जीनं होते, ते कुणी ऐकून घेतलं नाही. कायद्यात चौकशी होईपर्यंत तीन आठवड्यांच्या वर ठेवता येत नाही, पण चौकशीनंतर मॅजिस्ट्रेट एक ते तीन वर्षांसाठी ठेवू शकतो. सोडायचं तर आईबापानं कागद घेऊन यायचं. माझ्या आईला माहीत नव्हतं मी काय करते. ती कोर्टात आली, अंगठा दिला, मला घेऊन बाहेर पडली आणि एसटीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. मी परत आले तेव्हा खोलीतली ट्रंक फोडलेली होती आणि सावकाराचं व्याज चढलेलं. मुलीला शेजारणीनं सांभाळलं होतं म्हणून बरं. पोलीस म्हटलं की मला ती गाडी आठवते.

म्हणून ठाण्याच्या पायरीवर माझे पाय लटपटले. आतल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पैशावरनं वाजलं असेल. धंदेवालीवर कसला बलात्कार?" मग म्हणाला की लॉज आमच्या हद्दीत येत नाही, तिकडच्या ठाण्यात जा. मी उठले होते. अक्का उठली नाही. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये 2022 च्या आदेशाची प्रत होती, मराठी भाषांतरासकट. तिनं ती टेबलावर ठेवली. त्यात लिहिलंय की धंदा करणाऱ्या बाईवर अत्याचार झाला तर इतर कुठल्याही बाईला मिळते ती सगळी मदत तिला मिळाली पाहिजे, ताबडतोब दवाखान्यासकट. पोलिसांनी शिवीगाळ, मारहाण करायची नाही. पर्समध्ये निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही. पेपरात, टीव्हीवर बाईची ओळख द्यायची नाही. त्या माणसानं कागद वाचला की नाही कोण जाणे. पण अक्कानं तेवढ्यात वकीलबाईंना फोन लावून दिला आणि त्याच्या आवाजात फरक पडला.

हद्दीचं उत्तर म्हणजे झिरो एफआयआर. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठलंही ठाणं तो झिरो नंबरनं लिहून घेऊन पुढं पाठवतं. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या कायद्यात तर ते थेट लिहिलेलंच आहे. संध्याकाळी बाई अधिकारी आल्या. असा जबाब बाई अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो, आणि आपण म्हणू त्या जागी घ्यायचा असतो. मी ठाण्यात नको म्हणाले. संस्थेच्या खोलीत घेतला. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा एके ठिकाणी 'राजीखुशीने गेली' असं होतं. मी गेले एका माणसासाठी, तिघांसाठी नाही. ते दुरुस्त करून घेतलं. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या. एफआयआरची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

मला सगळ्यात मोठी भीती ही, की मी धंदा करते असं लिहून दिलं तर उलटी माझ्यावरच पिटाची केस होईल. वकीलबाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या. फी नाही. बाई म्हटल्यावर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. त्यांनी समजावलं. पिटाचा कायदा 1956 चा. त्यात कुंटणखाना चालवणं गुन्हा, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणं गुन्हा, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा, देऊळ, शाळा, दवाखान्यापासून 200 मीटरच्या आत धंदा करणं गुन्हा. सज्ञान बाईनं स्वतः, खासगीत, पैसे घेऊन जाणं हा गुन्हा असं त्यात लिहिलेलं नाही. लपवलं आणि पुढं कोर्टात बाहेर आलं, तर सगळा जबाबच खोटा ठरवतील, म्हणून आहे ते सांगा. त्यांनीच सांगितलं की आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, 1990 मध्ये, सुप्रीम कोर्टानं म्हटलेलं आहे की बाईची चालचलणूक कशीही म्हणोत, तिच्या मनाविरुद्ध तिच्या अंगाला हात लावायचा कुणाला अधिकार नाही. मला हे कुणी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

वकीलबाईंनी दुसऱ्याच दिवशी आणखी एक गोष्ट केली. लॉजचे कॅमेरे आणि रजिस्टर ताब्यात घ्या असा लेखी अर्ज ठाण्यात दिला, पोच घेतली. कॅमेऱ्यातलं काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पोलीस गेले तेव्हा गाडीचा नंबर निघाला. तो निघाला म्हणून तिघं सापडले, नाहीतर माझ्या शब्दावर कुणी कुणाला शोधलं असतं?

मॅजिस्ट्रेटपुढं जबाब झाला. त्याच आठवड्यात एजंट आला. आधी गोड. म्हणाला, मोठ्या घरची पोरं आहेत, मिटवून टाक, सावकाराचं सगळं फिटेल. मग म्हणाला, मुलगी कुठल्या शाळेत आहे ते ठाऊक आहे. पैशाचा आकडा ऐकून मी एक रात्र विचार केला. शाळेचं नाव काढलं तेव्हा विचार संपला. धमकीची वेगळी तक्रार दिली. संस्थेनं मुलीला वसतिगृहात हलवायला मदत केली. फॉर्मवर बापाच्या रकान्यात काय लिहायचं यावर तिथल्या क्लार्कनं अडवलं होतं. अक्का तिथं बसून राहिली.

मुलीला मी सांगितलं. सगळं नाही. तिला आधीच कळलेलं होतं की मी काय करते. मला वाटत होतं की कळलेलं नाही. ती म्हणाली, "तू पाऊस पडला की जागी का राहतेस?"

पैशाचं बोलायला पाहिजे. गोळ्या चालू, डोक्याला टाके, दारात आवाज झाला तरी धसका. धंदा करणं शक्यच नव्हतं. आमच्या बचत गटानं भाडं भरलं, किराणा घातला. सावकारापुढं चार जणी जाऊन बसल्या आणि व्याज थांबवलं. सरकारची मनोधैर्य योजना आहे, बलात्कार झालेल्या बाईसाठी, 2013 पासून. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. एफआयआर, दवाखान्याचे कागद, बँक पासबुक, आधार लागतं. पैसे मिळाले, पण फार उशिरा, आणि काही भाग बँकेत ठेव म्हणून. गरज असते ती पहिल्या महिन्यात, तेव्हा सरकारकडून काही आलं नाही. बचत गट नसता तर मी टाके काढायच्या आत एजंटला फोन केला असता.

सल्लागार म्हणून एक ताई दवाखान्यात भेटायच्या, त्यांचा उपयोग झाला. त्याहून जास्त उपयोग झाला तो दुपारी अक्काच्या खोलीत नुसतं लवंडायचा. तिथं कुणी काही विचारत नव्हतं. भाजी निवडायची, पान खायचं, सीरियल बघायची.

त्याच काळात सांगलीला वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायांशी गाठ पडली. ही परिषद बायांनी स्वतः 1996 मध्ये उभी केली. कुणी साहेब नाही, मॅडम नाही, गल्लीतल्या बायाच भांडण मिटवतात, ठाण्यात जातात, पोरांच्या शाळा बघतात. मी तिथं कोपऱ्यात बसून ऐकत होते. एक बाई माझ्याच वयाची, माझ्याच भागातली, कानडीत बोलत होती. कुठल्या ठाण्यात कसं बोलायचं हे ती इतकं निवांत सांगत होती, की मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

परत आल्यावर फोनवर जाणाऱ्या आम्ही काही जणींनी व्हॉट्सअॅपवर गट केला. जाताना गिऱ्हाइकाचा नंबर, लॉजचा दारातला फोटो, रिक्षाचा नंबर टाकायचा. खोलीत पोचल्यावर आवाजातला मेसेज, आणि बोलताना "दूध आणलंस का" असं विचारलं तर त्याचा अर्थ या. गिऱ्हाइकासमोर बोलावं लागतं म्हणून तसं ठरवलंय. ठरल्या वेळेत कुणाचा मेसेज आला नाही, तर आधी तिला फोन, मग लॉजच्या काउंटरला फोन, मग 112. लॉजवाल्याला नुसतं "आमची बाई कुठल्या खोलीत आहे" एवढं विचारलं तरी तो सावध होतो, हे आता कळलंय. लोकेशन बदललं तर जायचं नाही. हा नियम करणं सोपं आहे. महिनाअखेरीला पाळणं अवघड जातं, आणि मोडला म्हणून आम्ही कुणाला बोलत नाही, फक्त नवीन पत्ता टाक म्हणतो. पैसे घ्यायला वेगळं खातं ठेवलंय काही जणींनी, ज्याला फोटो नाही. वाईट नंबरांची एक यादीही केली होती. ती कुणीतरी एजंटांना दाखवली आणि त्या गिऱ्हाइकांनी नंबर बदलले. आता यादी एकीच्या वहीत असते, विचारलं की ती सांगते. दोन तृतीयपंथी मैत्रिणी गटात आल्या आहेत. त्यांना लॉजवर आमच्यापेक्षा जास्त मार बसतो आणि ठाण्यात आमच्यापेक्षा कमी ऐकून घेतात.

केसमध्ये माझी साक्ष झाली. बंद खोलीत, बाहेरचं कुणी नाही. समोरच्या वकिलानं विचारलं, किती जणांबरोबर जाता रोज. न्यायाधीशांनी तो प्रश्न घेऊ दिला नाही. मी पाणी मागितलं, दिलं. तारखा पडत राहतात. तारखेच्या दिवशी रोज बुडतो, गाडीभाडं लागतं. ते बचत गटातून निघतं, आणि अक्का सोबत असते.

तो लॉज काही दिवस बंद होता, मग नवा बोर्ड लावून सुरू झाला. आमच्यातलं कुणी तिकडचं लोकेशन घेत नाही. पण तिथं बाया जातात, हे रिक्षावाले सांगतात. फ्लॅटवर राहणाऱ्या, कॉलेजच्या वयाच्या, कुणी बंगालकडच्या, ज्या गल्लीत कधी आल्याच नाहीत. त्यांना गल्लीचं नाव काढलं तरी कमीपणा वाटतो. एकीला मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत भेटले, नंबर देऊ केला, तिनं घेतला नाही. ढाब्यावरच्या त्या बाईकडे आम्ही आता अक्काचा नंबर लिहून ठेवलाय. लॉजवर काम करणाऱ्या झाडूवाल्या मावशींनाही द्यायचा विचार आहे, पण त्यांची नोकरी जाईल म्हणून त्या घाबरतात. अजून जमलेलं नाही.